सातबाऱ्यातला ‘बारा’

सातबारा हातात आला की माणसाची नजर आधी वरच्या भागावर जाते. नाव कुणाचं, क्षेत्र किती, बोजा कुठल्या सोसायटीचा. तो गाव नमुना सात. भावकीतली भांडणं त्याच्यावरून, कोर्टकचेऱ्या त्याच्यावरून, आणि सोयरीक जुळवताना गुपचूप काढून पाहतात तोही सातच. खालचा तक्ता म्हणजे नमुना बारा. कोणत्या हंगामात, किती क्षेत्रात, काय पेरलं, पाणी विहिरीचं की पाटाचं, एवढंच त्यात असतं. अडचण आल्याखेरीज त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. माझी तलाठ्याची नोकरी बरीचशी हा बारा लिहिण्यात गेली, आणि शेवटची काही वर्षं तो शेतकऱ्यानं स्वतःच्या मोबाईलवर लिहावा म्हणून त्याच्या मागे फिरण्यात.

सगळी नोकरी नाशिक जिल्ह्यातच झाली. काही काळ पश्चिमेला सुरगाण्याच्या डोंगरात, जिथं भात, नागली, वरई, खुरासणी पिकते. काही काळ पूर्वेला चांदवड-येवल्याकडे, जिथं कांदा, मका आणि सोयाबीन. दोन्हीकडे लोक तलाठ्याला भाऊसाहेब म्हणतात. २०२४ मध्ये सरकारनं पदाचं नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी केलं, पण चावडीच्या दारात उभा राहून एवढं लांबलचक कोण हाक मारणार?

कागदाच्या काळात पीक पाहणी कशी व्हायची, ते आधी सांगितलं पाहिजे. नियमानं तलाठ्यानं प्रत्येक हंगामात शिवारात जायचं, गावकऱ्यांसमक्ष एकेक गट पाहायचा आणि तिथल्या तिथं नोंद घ्यायची. मग मंडळ अधिकाऱ्यानं त्यातले काही गट तपासायचे. नियम चांगला होता. पण एका सजात तीन-चार गावं, हिस्से धरले तर गट हजारांवर, आणि त्याच महिन्यांत वसुली, मतदार याद्या, दाखले, पाऊस जास्त झाला तर पंचनामे. एवढ्या गटांवरून एका माणसाला पायी फिरायचं तर हंगाम उलटून जाईल. म्हणून पाहणी बहुतेक ठिकाणी चावडीतच उरकायची. कोतवाल भिंतीला टेकून बसायचा आणि सांगायचा, अमक्याच्या मळ्यात मका आहे, तमक्यानं यंदा पडीक ठेवलंय. कोतवालाची आठवण हीच गावाची पीक-आकडेवारी. जिथं त्यालाही आठवायचं नाही, तिथं मागच्या वर्षीचं पुढं यायचं. विहीर आटून ऊस कधीच मोडलेला असे, पण दप्तरात तो हिरवागार उभा. याच नोंदींवरून नमुना अकराचा गोषवारा तयार व्हायचा, तो तालुक्याला जायचा, तिथून जिल्ह्याला, आणि राज्यात कोणतं पीक किती हेक्टरवर आहे, हे त्यावरून ठरायचं.

शेतकऱ्याला मात्र बारा नंबर वेगळ्याच वेळी लागे. पीककर्ज, विमा, सरकारी खरेदी केंद्र, नुकसानभरपाई. मग तो चावडीवर येई : “भाऊसाहेब, तेवढा पीकपेरा लावून द्या.” तो देताना काय काय चालत असे, ते मराठी वाचकाला मी सांगायला नको.

१५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर लागू झाली. टाटा ट्रस्टच्या मदतीनं महसूल खात्यानं मोबाईलवरचं अ‍ॅप तयार केलं होतं आणि काही तालुक्यांत आधी चाचणीही घेतली होती. कल्पना साधी. शेतकऱ्यानं अ‍ॅपमध्ये गाव निवडायचं, आपलं नाव किंवा खाते क्रमांक शोधायचा, मोबाईलवर चार आकडी संकेतांक येतो तो भरायचा, मग गट निवडून पिकाचं नाव, क्षेत्र, सिंचनाचं साधन, लागवडीची तारीख टाकायची आणि शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा. फोटोबरोबर अक्षांश-रेखांश आपोआप जातात. एका मोबाईलवरून वीस खातेदारांची नोंदणी करता येत होती. ही सोय ज्यानं कुणी सुचवली, त्याला गाव माहीत होतं असं मी म्हणेन.

सुरगाण्याकडच्या माझ्या गावात आम्ही सभा घेतली, तेव्हा सगळं ऐकून घेतल्यावर मागच्या रांगेतून एक म्हातारा उठला. म्हणाला, “म्हंजे पगार भाऊसाहेबानं घ्यायचा आन् काम आमी करायचं?” सभा हसली. मीही हसलो, कारण त्यात अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं असं, की ते काम आम्ही करत होतो तेव्हा तरी कुठं नीट होत होतं?

पण खरी अडचण म्हाताऱ्यानं विचारलेली नव्हती, ती पुढं आली. त्या डोंगरात फोन असतो पोराकडे, आणि पोरगा असतो नाशिकला, सातपूरच्या नाहीतर अंबडच्या कारखान्यात. बापाकडे बटणांचा फोन. ज्यांच्याकडे मोठा फोन आहे त्यांच्याकडे रेंज नाही. शेत दरीत, रेंज टेकाडावर. दिवाळीच्या मागेपुढे द्राक्षबागांची कामं सुरू झाली की निम्मं गाव दिंडोरी-निफाडकडे उतरतं. भात कापून खळ्यावर आलं की घराला कुलूप. म्हणजे पाहणी करायची तर पीक उभं असताना, माणसं गावात असताना, भर पावसात. तेव्हा आकाश उघडत नाही, आणि मोबाईलला जागा सापडायला आकाश लागतं. अ‍ॅपमध्ये फोटो काढून ठेवून नंतर पाठवायची सोय होती म्हणून बरं. शेतात माहिती भरायची, मग सगळ्यांनी मिळून टेकाडावरच्या एका ठरलेल्या झाडाखाली जायचं आणि ती वर चढवायची. प्रत्येक पाड्याचं असं एक रेंजचं झाड असतंच.

दुसरी अडचण क्षेत्राची. अ‍ॅपला हेक्टर-आर लागतं. आमचा शेतकरी सांगणार, “त्या खाचरात दोन पायल्यांचं भात लागतं.” जमीन बियाण्यानं मोजणाऱ्या माणसाला दशांश चिन्हाच्या पुढचे दोन आकडे कसे समजावणार? शेवटी चावडीच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं : एक गुंठा म्हणजे जवळपास एक आर, चाळीस गुंठ्यांचा एकर म्हणजे ०.४०. पायलीवरून गुंठ्यावर यायचं काम लोक आपापसांत भांडून करत, गुंठ्यावरून आरवर यायचं काम फळा करी. प्रशिक्षणात दाखवलेल्या चित्रफितींपेक्षा त्या फळ्याचा उपयोग जास्त झाला.

आणि तिसरी गोष्ट, जिला मी अडचण म्हणावं की उपकार, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. सामायिक खातं. एका गटावर सात-आठ चुलतभावांची नावं, क्षेत्र एकत्र, पण जमिनीवर प्रत्येकाचा बांध वेगळा. कागदावर हे वर्षानुवर्षं झाकलेलं. अ‍ॅपमध्ये सामायिक खातेदाराला आपल्या वहिवाटीपुरती वेगळी नोंद करता येते. झालं असं की एकानं पहिल्याच दिवशी सगळं क्षेत्र आपल्या नावानं भरून टाकलं. दुसरा भरायला गेला तर क्षेत्रच शिल्लक नाही. त्यात आणखी एक सोय होती : गावातल्या कोणत्याही खातेदाराची पाहणी झाली की नाही, काय पीक लावलं, हे अ‍ॅपवर कुणालाही दिसे. लोक आपली नोंद पाहण्याआधी चुलत्याची पाहत. मग चावडीसमोर आवाज चढले, पोलीस पाटलाला बोलवावं लागलं, आणि सगळे भाऊ शेतावर जाऊन बांधाप्रमाणे क्षेत्र ठरवून आले. ते क्षेत्र सरकारी मोजणीचं नव्हतं, पण पहिल्यांदाच आठही जणांनी ते एकमेकांसमोर तोंडानं कबूल केलं होतं. नोंदी दुरुस्त करायला अठ्ठेचाळीस तास मिळतात, ते त्या दिवशी कामी आले.

या सगळ्यात गावाची पाहणी प्रत्यक्षात केली कुणी? बारावी होऊन घरी बसलेल्या एका मुलीनं. तिच्या भावाचा जुना फोन, काच तडकलेली. आधी तिनं घरचं केलं, मग काकाचं, मग पाड्यावरच्या आजीबाईंचं. वीस खाती संपली की दुसऱ्याचा फोन मागून घ्यायची. तिला गट नंबर पाठ झाले, कुणाचा खाते क्रमांक कुठल्या दुसऱ्या नावाखाली सापडतो, हे कळलं. आजोबांचं नाव सातबाऱ्यावर चुकीचं चढलेलं असतं, म्हणून नावानं शोधून काही मिळत नाही. ती गट नंबरावरून काढायची. दप्तर हाताळण्याची ही अक्कल यायला आम्हाला नोकरीची पहिली काही वर्षं लागतात. तिला एका हंगामात आली, आणि एक पैसा मिळाला नाही. पुढं केंद्राच्या डिजिटल क्रॉप सर्व्हेची पद्धत आली, शेतकऱ्यांची मुदत संपल्यावर उरलेले गट पाहायला गावोगावी सहायक नेमायची आणि त्यांना गटामागे मोबदला द्यायची व्यवस्था झाली. ती पहिल्याच वर्षी करायला हवी होती. सरकारी सेवा मोबाईलवर आणली असं आपण म्हणतो तेव्हा ती बहुतेक वेळा अशाच कुणाच्या तरी अंगणात नेऊन ठेवलेली असते.

पुढं माझी बदली पूर्वेकडे झाली. तिथं रेंजची ओरड नव्हती, फोन घरोघरी, पण कांद्याच्या शेतकऱ्याला वेळ नव्हता आणि गरजही वाटत नव्हती. व्यापारी सातबारा पाहून कांदा घेत नाही. मग २०२३ चा फेब्रुवारी उजाडला. कांद्याचे भाव इतके पडले की वाहतुकीचा खर्च निघेना. सरकारनं १ फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२३ या काळात बाजार समितीत विकलेल्या लाल कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये, शेतकऱ्यामागे २०० क्विंटलपर्यंत, असं अनुदान जाहीर केलं. अट एक : सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी. दुसऱ्या दिवशी चावडीपुढं रांग. हातात विक्रीची पट्टी आहे, घरात कांद्याचा वास आहे, शेतात पात पडलेली आहे, आणि नमुना बारा कोरा. हंगामाची मुदत संपलेली, मागच्या तारखेनं नोंद करायची सोय अ‍ॅपमध्ये नाही. “पूर्वी तुम्ही पेनानं लावून द्यायचे ना?” एकानं विचारलं. हो, द्यायचो. आता ते पेन आमच्याकडे नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं हायसं वाटलं.

त्या रांगेत न दिसलेले लोक मला जास्त आठवतात. ज्यांच्या नातवानं, पुतण्यानं हट्टानं फोटो काढून ठेवला होता, त्यांना कुणाकडे जावं लागलं नाही. सातबारा त्यांनी पंधरा रुपये भरून ऑनलाईन काढला. डिजिटल सहीचा सातबारा २०१८ पासून मिळतो, त्यावर कुणाचा शिक्का लागत नाही. अर्जाला जोडला आणि झालं. उरलेल्यांसाठी मग शासनाला वाट काढावी लागली. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांनी गावात चौकशी करून कांदा होता की नव्हता ते सांगायचं ठरलं. म्हणजे पुन्हा आम्हीच, पुन्हा आमचा शब्द.

असंच २०२४ मध्ये झालं. आदल्या खरिपातल्या कापूस आणि सोयाबीनला अर्थसाहाय्य आलं. वीस गुंठ्यांपेक्षा कमी क्षेत्राला हजार रुपये, त्यापुढं हेक्टरी पाच हजार, दोन हेक्टरांपर्यंत. आधी अट ई-पीक पाहणीची, मग ओरड झाली, मग अट सैल. लोकांना पैसे मिळाले हे चांगलंच झालं. पण ज्यांनी पावसात टेकाड चढून नोंदी केल्या होत्या, त्यांनी विचारलं, “मग आमी कशापायी तडफडलो?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझं मत असं, की जिथं रेंज पोचलेली नाही आणि माणूस नेमलेला नाही, तिथं ही अट घालायलाच नको होती; आणि घातली तर मग सोडायला नको होती. दर वेळी घालून दर वेळी सोडली, की नोंद म्हणजे सरकारी पोरखेळ आहे असं गाव शिकतं. हे शिकवलेलं विसरायला फार वर्षं लागतात.

फोटो जसजसे वाढले तसं मला एक वेगळंच दिसू लागलं. अ‍ॅपचे नियम हळूहळू घट्ट झाले. सुरुवातीला कुणी ओट्यावर बसून परसातल्या मक्याचा फोटो काढून पाठवी. पुढच्या आवृत्तीत आपण गटाच्या मध्यापासून किती लांब उभे आहोत ते दिसू लागलं, आणि नंतर गटाच्या पन्नास मीटरच्या आत असल्याखेरीज फोटोच घेईना. डोंगरउताराच्या बारीक हिश्श्यात स्वतःच्या वावरात उभा राहिलेला माणूस मोबाईलला शेजारच्या गटात दिसे, हा त्रास वेगळा. तरी एकूणात पीक कुठं आहे हे आता बऱ्यापैकी खरं कळतं. पीक कुणाचं आहे, हे मात्र कळत नाही. अ‍ॅप खातेदार विचारतं. कसणारा विचारत नाही.

पूर्वेकडच्या माझ्या गावात चांगलं पाच-सहा एकर वावर एकाचं, तो नाशिकला नोकरीला. कसणारा दुसरा, निम्म्यानं. बियाणं, औषध, मजुरी यात त्याचा वाटा, पाऊस पडला तर त्याच्या डोक्यावर. शेतात उभं राहून फोटो काढला त्यानं, स्वतःच्या फोनवर, मालकाचं नाव निवडून. नोंद बिनचूक. साहाय्याची रक्कम आली मालकाच्या खात्यावर. मालक चांगला होता, त्यानं निम्मी दिली. न देणाराही पाहिला आहे, आणि त्याला विचारायचा अधिकार वाट्यानं करणाऱ्याला कुठल्याच कागदानं दिलेला नाही.

हे अ‍ॅपचं पाप नव्हे. गाव नमुना सात-ब नावाचा एक नमुना आपल्याकडे आहे. सातबाऱ्यावरच्या माणसाऐवजी दुसऱ्याच्या ताब्यात जमीन आढळली, तर त्याची नोंद तलाठ्यानं त्यात करायची आणि तहसीलदारानं चौकशी करायची. तो बहुतेक दप्तरांत कोराच असतो. कारण १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन. त्या दिवशी कसणारी कुळं कायद्यानं मालक ठरली. राज्यात लाखो घरांना त्या कायद्यानं जमीन दिली, आणि ज्यांची गेली त्यांच्या घराण्यांत एक भीती ठेवली : दुसऱ्याचं नाव कुठल्याही रकान्यात येऊ द्यायचं नाही. आज तिसरी-चौथी पिढी आहे, भीती तशीच. म्हणून वाट्यानं करणारा तोंडी करारावर पेरतो, आणि सगळ्या नोंदींमध्ये तो नसतो. डिसेंबर २०२४ पासून शेतकरी ओळख क्रमांक द्यायला सुरुवात झाली. तोही जमिनीच्या नावावरूनच मिळतो.

बायकांचं याहून वाईट. नवरा गेलेला, सासरा त्याआधी गेलेला, जमीन अजून सासऱ्याच्या नावावर. वावरात नांगरट लावण्यापासून सोंगणीपर्यंत सगळं ती पाहते, आणि अ‍ॅपमध्ये शोधलं की सासऱ्याचं नाव येतं. माझ्या दप्तरात कित्येक मयत माणसं दरवर्षी नेमानं सोयाबीन पेरत होती. नोंद चढते, पण पैसे आले तर मेलेल्याच्या खात्यावर येणार कसे? वारस नोंद करायला दीर, नणंदा, त्यांची मुलं अशा सगळ्यांची नावं द्यावी लागतात. दिराला ती द्यायची घाई नसते, कारण नाव न चढणं त्याच्या सोयीचं असतं. नवरा हयात असतानाच बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची लक्ष्मीमुक्तीची सोय सरकारनं १९९२ मध्येच केली. ती नोंद मागायला चावडीवर किती पुरुष आले, असं मला कुणी विचारलं तर मी विषय बदलतो. २०२५ मध्ये जिवंत सातबारा मोहीम निघाली, मयतांची नावं काढून वारसांची लावायची. माझ्या पाहण्यातल्या मोहिमांत ही मला सर्वांत कामाची वाटली, आणि तिच्यात मोबाईलचा भाग अगदी थोडा आहे. भावकीला एकत्र बसवणं, नणंदांना बोलावणं, मृत्यूचा दाखला शोधणं, एवढाच तिचा बहुतेक कारभार.

मग ई-पीक पाहणीनं सुधारलं काय? माझ्या मते पुष्कळ. तारीख आणि जागा लिहिलेला फोटो शेतकऱ्याच्या हातात आला. विम्याच्या वादात, बँकेत, खरेदी केंद्रावर त्याला आता तलाठ्याची मर्जी लागत नाही. कोतवालाच्या आठवणीवर चालणारी आकडेवारी बंद पडली. तलाठ्याच्या हातातली एक किल्ली गेली, आणि मी स्वतः तलाठी असून म्हणतो, गेली ते चांगलं झालं. पण वरचा सात जितका जुना आणि खोटा, तितका खालचा बारा मोबाईलवर असूनही अपुराच राहणार.

आणि सात दुरुस्त करणं अनेकदा गावाच्या हातात नसतं. ते पुण्यात, ठाण्यात, नाशिकमध्ये राहणाऱ्या, गावच्या सातबाऱ्यावर नाव असणाऱ्या माणसांच्या हातात असतं. हे वाचणाऱ्यांत तुम्ही बरेच जण तसे असाल. म्हणून एवढी विनंती. आपला सातबारा ऑनलाईन काढून पाहा. त्यावर आजोबांचं नाव अजून असेल तर वारस नोंदीचा अर्ज करा, बहिणींची आणि विधवा वहिनींची नावं गाळू नका. खाली बारामध्ये काय पीक लागलंय ते वाचा. ते तुम्ही पेरलेलं नसेल, तर कुणी पेरलंय हे तुम्हाला माहीत आहे. त्या पिकापोटी तुमच्या खात्यावर मदत आली तर त्याचा वाटा त्याला पोचवा. खरिपाची पाहणी ऑगस्टमध्ये सुरू होते, आणि वारसाच्या फेरफाराला नोटिशीचे पंधरा दिवस धरावेच लागतात. अर्ज त्याच्या आत जाऊ द्या.